तराजू घेतलेली देवी

नाण्याला दोन बाजू असतात, हे वाक्य आपण इतक्या वेळा ऐकतो आणि ऐकवतो की त्यात आता काही राम उरलेला नाही. वर्तमानपत्रांतले अग्रलेख, शाळेतल्या वादविवादस्पर्धा, घरातली भांडणे, सगळीकडे ते हजर असते. परंतु नाण्याला एक तिसरीही बाजू असते आणि तिच्याकडे फारसे कोणी पाहत नाही. ती म्हणजे आतली बाजू. वर छाप कोणाचाही असो, आत धातू कोणता आहे? आपल्या जुन्या माणसांना ही तिसरी बाजू चांगली ठाऊक होती. नाणे दगडावर आपटून ते त्याचा आवाज ऐकत. सराफाच्या पेढीवरचे शब्द तर मराठीत माणसाच्या चारित्र्याला येऊन जसेच्या तसे चिकटले आहेत. ज्या चांदीचा कस हीन ती हिणकस, आणि माणसाचे वागणेही हिणकस. नाणे बदलून घेताना जी तूट सोसावी लागे तो बट्टा, आणि घराण्याच्या नावाला लागतो तोही बट्टाच. भरवशाच्या माणसाला आपण बंदा रुपया म्हणतो. भाषेने हा हिशेब फार पूर्वीच मांडून ठेवला आहे. आपण तो वाचत नाही इतकेच.

मी मास्तर आहे, आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. लॅटिनचा गंध नाही. तेव्हा रोमन बादशहांच्या चांदीच्या नाण्यांवर मी लिहावे हे काहींना आगंतुकपणाचे वाटेल. परंतु नाणी जमवण्याचा नाद असलेल्या एका स्नेह्याने एकदा गॅलिएनस नावाच्या बादशहाचे नाणे माझ्या तळहातावर ठेवले आणि वर भिंग दिले. तेव्हापासून या विषयाने माझी पाठ सोडलेली नाही. नाणे आपल्या रुपयाएवढे, काळपट तांबूस. एका अंगाला सूर्यकिरणांसारखा मुकुट घातलेला बादशहा. दुसऱ्या अंगाला पायघोळ वस्त्र नेसलेली एक उभी स्त्री. तिच्या उजव्या हातात तराजू, डाव्या हातात फळाधान्याने भरून वाहणारे शिंग. कडेने लेख: एक्विटास आवगुस्ती, म्हणजे बादशहाची समन्यायबुद्धी. ही देवी चोख व्यवहाराची. टांकसाळीच्या सचोटीचीही ती खूण मानली जाते. आणि नाणे? गॅलिएनसने २५३ ते २६८ पर्यंत राज्य केले. त्याच्या कारकिर्दीच्या अखेरीस चांदीचे म्हणवणाऱ्या या नाण्यात शंभरात पाच भागही चांदी उरलेली नव्हती. बाकी सारे तांबे, वरवर चांदीची झिलई.

ही बाई तराजू घेऊन तिथे काय करीत उभी आहे? तिला तिथे उभी करणारा माणूस खोटे बोलत होता काय? आणि बोलत असेल तर तिला तिथून काढून टाकले असते म्हणजे बरे झाले असते काय? माझा प्रश्न एवढाच आहे.

लक्ष्मीपूजनाच्या ताटात आपण नाणी मांडतो, त्यांना हळदकुंकू वाहतो. त्या घटकेपुरते नाणे हे चलन नसते, देवता असते. रोमन माणसाला यात नवल वाटले नसते. रोमची जुनी टांकसाळ कॅपिटोलाइन टेकडीवर युनो मोनेटा या देवीच्या देवळाच्या शेजारी होती, आणि त्या 'मोनेटा'वरूनच पुढे इंग्रजीतला 'मनी' हा शब्द आला. इ.स.पू. ४६ मधल्या एका चांदीच्या नाण्यावर एका बाजूला या मोनेटेचे मुख आहे आणि दुसऱ्या बाजूला ऐरण, सांडशी आणि हातोडा. आपल्याकडे कारागीर खंडेनवमीला हत्यारे पुजतात, त्याची मला हे चित्र पाहून आठवण झाली. नाणे पाडायची रीतही सुताराला-लोहाराला सहज कळेल अशीच होती. खालचा ठसा ऐरणीत बसवलेला, त्यावर तापवलेली चांदीची चकती, तिच्यावर वरचा ठसा आणि मग हातोड्याचा घाव. ठसे हाताने कोरलेले. काम करणारे बहुतेक गुलाम किंवा मुक्त झालेले गुलाम. सन ११५ मध्ये रोमच्या टांकसाळीतल्या या लोकांनी देवतांना वाहिलेल्या शिळा सापडल्या आहेत. तांबे वितळवून चांदीत मिसळणारा आणि तराजूवाल्या देवीच्या वस्त्राची एकेक चुणी कोरणारा, दोघे एकाच कारखान्यात राबत असतील. एकमेकांकडे पाहून ते काय म्हणत असतील, हा कादंबरीकाराचा प्रश्न झाला. तो तूर्त बाजूला ठेवतो.

या चांदीच्या नाण्याचे नाव डेनारियस. हॅनिबालशी युद्ध चालू असताना, इ.स.पू. २११ च्या सुमारास ते प्रथम पाडले गेले. 'आस' नावाच्या दहा तांब्याच्या नाण्यांची त्याची किंमत, म्हणून हे 'दहाचे' नाणे. आपल्या संस्कृत ग्रंथांतला 'दीनार' तो हाच. प्रवासात चांदीचा सोन्याचा झाला, एवढेच. वर्तमानपत्र नव्हते, नभोवाणी नव्हती, त्या काळी राज्याच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जाणारी, प्रत्येकाच्या हाताखालून जाणारी अशी वस्तू ही एकच. सत्ताधाऱ्याच्या लक्षात ही गोष्ट न येती तरच नवल. इ.स.पू. ४४ मध्ये ज्युलियस सीझरने आपला चेहरा नाण्यावर घातला. जिवंत माणसाने रोमच्या नाण्यावर बसावे हे तोवर तिथे घडले नव्हते. त्याचा खून झाला. खून करणाऱ्यांतला अग्रणी ब्रूटस. त्याने पुढे जे नाणे काढले ते फार प्रसिद्ध आहे. दोन खंजीर, मधोमध मुक्त झालेल्या गुलामाला घालायला देत ती टोपी, आणि खाली मार्चच्या त्या दिवसाचे नाव. हुकूमशहा मारला, रोम मुक्त झाले. नाणे उलटे करून पाहावे तर दुसऱ्या बाजूला चेहरा कोणाचा? ब्रूटसचा! ज्या पायंड्यासाठी मित्राचे रक्त सांडले तोच पायंडा दोन वर्षांच्या आत याने उचलला. मला वाटते, ब्रूटसला यात विसंगती दिसलीही नसेल. आपला चेहरा आपल्याला नेहमी अपवादच वाटतो.

पुढच्या बादशहांनी मग चेहऱ्याच्या पाठीमागे सद्गुणांची रांगच उभी केली. ऑलिव्हची फांदी घेतलेली शांती. डोक्यावरून पदर घेतलेली शालीनता. हातात फूल धरून, वस्त्राचा घोळ किंचित उचलून चालणारी आशा, ही मला फार गोड वाटते. टोपी उंच धरलेली स्वातंत्र्यदेवी. हातात हात गुंफलेले दोन पंजे म्हणजे निष्ठा किंवा एकोपा. चित्रे सुंदर आहेत यात वाद नाही. परंतु नाण्याचे साल आणि इतिहासातले साल शेजारी मांडून पाहावे.

सन ६९ मध्ये रोमला एकामागून एक चार बादशहा झाले. या धामधुमीतल्या चांदीच्या नाण्यांवर गुंफलेले हात आहेत आणि शब्द आहेत: 'सैन्याची निष्ठा', 'अंगरक्षक दळाची निष्ठा'. याच अंगरक्षकांनी आधी नीरोला सोडले होते आणि त्या वर्षीच्या जानेवारीत म्हाताऱ्या गाल्बाला भर चौकात कापून काढले. नेर्वाच्या नाण्यावर तसेच हात आणि 'सैन्यांचा एकोपा' हे शब्द. ९७ साली त्याच्याच अंगरक्षकांनी त्याला वाड्यात कोंडले आणि त्यांना हवी असलेली माणसे त्याच्या इच्छेविरुद्ध ओढून नेऊन मारली. आणखी एक उदाहरण देतो, कारण ते घरगुती आहे. २०२ साली युवराज कॅराकॅलाचे प्लॉटिला या मुलीशी लग्न लावून देण्यात आले. नाण्यावर नवराबायको हातात हात घेऊन उभी, आणि लेख 'शाश्वत एकोप्यास'. नवरा तिचे तोंड पाहायला तयार नव्हता. तीन वर्षांत तिची बेटावर रवानगी झाली आणि पुढे नवरा गादीवर आल्यावर त्याने तिला मारवले. सख्ख्या भावालाही त्याने २११ साली आईच्या कुशीत मारवले. ज्यांच्या घरी ते नाणे जपून ठेवलेले असेल त्यांनी शाश्वत एकोप्याचे पुढे काय केले असेल?

अशी उदाहरणे जोडत गेले की मन एका सोप्या निष्कर्षाकडे घसरू लागते: जे नाही तेच नाण्यावर कोरतात. माझ्या वर्गातल्या एका हुशार मुलाने हा निष्कर्ष ताबडतोब काढला. तो म्हणाला, "गुरुजी, मग आपल्या शाळेच्या फळ्यावर रोज सुविचार लिहितो, तोही तसलाच का?" वर्ग हसला. मीही हसलो. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता.

मी व्याकरण शिकवतो, म्हणून एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. या नाण्यांवरच्या बहुतेक लेखांत क्रियापदच नाही. नुसते नाम. 'एकोपा'. 'शांती'. 'बादशहाची समन्यायबुद्धी'. पुढे 'आहे' म्हणायचे, 'असो' म्हणायचे की 'असेल' म्हणायचे, हे वाचणाऱ्यावर सोडलेले. 'आहे' म्हटले तर ते विधान झाले, आणि विधान खोटे ठरू शकते. 'असेल' म्हटले तर ते वचन. ते मोडता येते. पण 'असो' म्हटले तर ती प्रार्थना झाली, आणि प्रार्थना खोटी कशी ठरवणार? रोममध्ये एकोप्याचे देऊळ होते, आशेचे होते, निष्ठेचे होते. सैन्य बिथरलेले असताना एखाद्या घाबरलेल्या म्हाताऱ्याने नाण्यावर 'सैन्यांचा एकोपा' कोरला तर ती थाप नव्हे, तो धावा असू शकतो. गॅलिएनसचा बाप पर्शियाच्या राजाच्या कैदेत पडला, गॉलचा मुलूख फुटून निघाला, तेव्हा त्याने आपल्या हिणकस नाण्यांवर हरणे, वाघाच्या जातीची जनावरे, पंखांचे घोडे कोरून एकेका देवाला रक्षणासाठी हाक मारली आहे. ती नाणी पाहून मला राग येत नाही. शिवाय, प्रत्येक वेळी शब्द खोटाच होता असेही नाही. अँटोनायनस पायसच्या तेवीस वर्षांत शांती आणि समन्याय नाण्यांवर आहेत आणि राज्यातही बऱ्याच अंशी होत्या.

तेव्हा चित्रावरून न्याय करता येत नाही. आता धातूकडे वळू.

ऑगस्टस बादशहाच्या वेळी एक रोमन पौंड चांदीचे ८४ डेनारियस पाडत, आणि चांदी जवळजवळ शुद्ध. ६४ साली नीरोने पौंडाचे ९६ केले, आणि वर तांबेही मिसळले. चोरी लहान, पण वाट पडली. पुढच्या शंभर वर्षांत कधी थोडे वर, बहुधा थोडे खाली असे चालले. तत्त्वज्ञ म्हणून ज्याचे नाव जग अजून घेते त्या मार्कस ऑरेलियसच्या नाण्यातही त्याच्या आधीच्या बादशहापेक्षा चांदी कमीच झाली. त्याच्यापुढे महामारी होती, उत्तरेकडच्या टोळ्यांशी युद्ध होते. आणि हेही सांगितले पाहिजे की पैशासाठी त्याने राजवाड्यातल्या मौल्यवान चीजवस्तू लिलावाला काढल्या होत्या. मग दुसऱ्या शतकाच्या शेवटच्या दशकात सेप्टिमियस सेव्हेरसने चांदी जवळजवळ निम्म्यावर आणली. २१५ मध्ये कॅराकॅलाने नवे मोठे नाणे काढले. अभ्यासकांच्या मते ते दोन डेनारियसचे म्हणून चाले, पण त्यात चांदी दीड डेनारियसचीच होती. तिथून गॅलिएनसपर्यंतची उतरंड सरळ आहे. कारण नेहमी एकच. सैनिकांचा पगार वाढवायचा आणि चांदी पुरत नाही.

यावर बादशहाच्या वतीने एक जोरदार युक्तिवाद आहे आणि तो मी लपवून ठेवणार नाही. सेव्हेरसांच्याच काळात पॉलस नावाचा मोठा विधिज्ञ होऊन गेला. त्याचे म्हणणे असे की नाणे चालते ते आतल्या द्रव्यामुळे फारसे नव्हे. सार्वजनिक छापाने त्याची जी किंमत ठरते तिच्यामुळे ते चालते. त्याच्या कितीतरी आधी ॲरिस्टॉटलने म्हटले होते की पैसा निसर्गाने होत नाही, कायद्याने होतो. ग्रीक भाषेत नाण्याचा शब्दच 'कायदा' या शब्दापासून निघालेला. विचार केला तर हे खरेच आहे. आपल्या खिशातला रुपया पोलादाचा आहे. त्यावर सिंह आहेत आणि त्यांच्याखाली सत्याच्या विजयाची ओळ आहे. पोलादाचा आहे म्हणून तो खोटा आहे असे आपल्यापैकी कोणी म्हणत नाही. दूधवाला घेतो, बसचा कंडक्टर घेतो, सरकारी कचेरीतला कारकून घेतो. म्हणजे आत तांबे असणे हेच मुळी पाप नव्हे. मग पाप कशात आहे?

मला वाटते, उत्तर वाण्याच्या दुकानात सापडते. लबाड वाणी कोणाला म्हणतात? ज्याच्याजवळ दोन मापे असतात त्याला. घ्यायचे माप मोठे, द्यायचे लहान. माप मुळात केवढे आहे हा प्रश्न गौण आहे. गावाने ठरवले तर ते कितीही लहान चालेल. देताना आणि घेताना ते एकच आहे काय, एवढाच खरा प्रश्न. नाण्याचेही तेच. ज्या भावाने ते मी तुझ्या हातावर ठेवले त्याच भावाने उद्या तुझ्याकडून परत घ्यायला मी तयार आहे काय? असेन तर नाणे पोलादाचे असो की चामड्याचे, तराजूवाली देवी त्यावर उभी राहू शकते. नसेन तर शुद्ध चांदीचाही उपयोग नाही.

ही कसोटी लावून पाहिली की रोमचा इतिहास वेगळाच दिसू लागतो. एक गोष्ट प्लिनीने सांगितली आहे. क्लॉडियस बादशहाच्या काळी तांबड्या समुद्राच्या जकातीचा मक्ता घेतलेल्या एका रोमनाचा माणूस वादळात सापडून भरकटत ताम्रपर्णीला, म्हणजे आजच्या श्रीलंकेला, लागला. तिथल्या राजाने त्याच्याजवळची नाणी पाहिली. चेहरे निरनिराळ्या राजांचे, पण वजन सगळ्यांचे सारखे. राजाला रोमन लोकांच्या प्रामाणिकपणाचे कौतुक वाटले, आणि त्याने रोमला वकील पाठवले. पाहा, त्या राजाने लेख वाचला नाही, देवी ओळखली नाही. राजे बदलले तरी शब्द बदलला नाही, एवढे त्याला तराजूने सांगितले. दक्षिण भारतात जमिनीतून रोमन चांदीची जी नाणी निघतात त्यांत ऑगस्टस आणि टायबेरियस यांचीच गर्दी आहे. आपल्या व्यापाऱ्यांनीही छापापेक्षा वजनाला मान दिला असावा. आपल्या नाशिकजवळच्या जोगळटेंभीला १९०६ साली तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी मिळाली. ती क्षत्रप नहपानाची. त्याला जिंकल्यावर गौतमीपुत्र सातकर्णीने त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर आपला छाप मारला. शत्रूचा चेहरा पुसला, पण त्याची चांदी तीच ठेवली. रोमच्या बादशहांनी पुढे केले ते याच्या नेमके उलटे.

आता दुसरे टोक पाहू. २६० सालचा ईजिप्तमधला एक कागद उपलब्ध आहे. ऑक्सिरिंकस गावच्या पेढीवाल्यांनी पेढ्या बंद केल्या. कारण बादशहाचे नाणे घ्यायची त्यांची तयारी नव्हती. सरकारी अधिकाऱ्याचा हुकूम सुटला: पेढ्या उघडा, बादशहांचे दैवी नाणे स्वीकारा, नाही तर शिक्षा. नाण्याला 'दैवी' म्हणावे लागले त्या दिवशीच त्याची पत गेली होती. आणखी चाळीसेक वर्षांनंतरचे एक पत्र आहे, ते तर याहून बोलके. डायोनिसियस नावाच्या अधिकाऱ्याला आतून बातमी लागली की नाण्याची किंमत निम्मी होणार. त्याने आपल्या माणसाला घाईने लिहिले की माझा जेवढा रोख पैसा असेल तेवढा खर्चून टाक, मिळेल त्या भावाने मिळेल तो माल घे. म्हणजे ज्यांना बातमी नाही त्यांच्या गळ्यात ते बांध. या गृहस्थाने कोणतेही खोटे वाक्य उच्चारलेले नाही. चलनी नाणे दिले, माल घेतला. पण दोन मापे त्याच्या घरात आली होती. त्याच सुमारास डायोक्लेशनचे राज्य आपल्या कराचा मोठा भाग धान्यात आणि मालात वसूल करू लागले होते, आणि ३०१ साली हजारावर वस्तूंचे भाव ठरवून त्याहून जास्त घेणाऱ्याला मृत्युदंड ठेवला होता. तुम्ही आमचे नाणे घ्या, आम्हाला मात्र गहू द्या.

एपिक्टेटस हा गुलामगिरीतून सुटलेला तत्त्वज्ञ मुलांना शिकवी. त्याने माणसाच्या मनाची नाण्याशी तुलना केली आहे. छाप पाहा, असे तो सांगे. ट्रेजनचा असेल तर घ्या, नीरोचा असेल तर फेकून द्या. गुरुजींबद्दल मला आदर आहे. पण त्यांनी उदाहरणादाखल पितळी नाणे घेतले हे त्यांचे नशीब. चांदीचे घेतले असते तर फजिती होती. नीरोच्या पहिल्या दहा वर्षांतल्या नाण्यांत ट्रेजनच्या नाण्यांहून चांदी जास्त आहे.

माझ्या विद्यार्थ्याला मी जे उत्तर दिले ते असे. फळ्यावरचा सुविचार खरा की खोटा, हे तो फळ्यावर असताना ठरत नाही. तो तू मला परत आणून देशील तेव्हा ठरते. घरोघर हेच चालते. खरे बोलावे हे नाणे आपण पोराच्या हातावर लहानपणीच ठेवतो. मग एके दिवशी दारावर कोणी येते आणि बाप आतून म्हणतो, "बाबा घरी नाहीत म्हणून सांग." पोर दारात जाते आणि आपण दिलेले नाणे तिथे खर्च करते: "बाबा म्हणतात, बाबा घरी नाहीत." आपण हसतो किंवा रागावतो. नाणे मात्र परत घेत नाही. मोठ्यांच्या चुका दाखवू नयेत हे आपले घ्यायचे माप, आणि चूक दिसली की सांगावी हे द्यायचे. मुले फार लवकर सराफ होतात. कोणता शब्द कोणत्या दुकानात कितीला चालतो हे त्यांना पाचवीतच कळलेले असते; आणि अशा मुलाला शब्दच खोटा होता असे वाटू लागते, ही यातली सर्वांत मोठी नुकसानी. गॅलिएनसच्या नाण्यावरून देवी काढून टाकावी असे मला वाटत नाही ते यासाठीच. तिच्या हातातल्या तराजूने ते नाणे तोलता येते. तिच्यावाचून ते नुसते तांबे.

आता राहिला एक माणूस. त्याच्यावर लिहायचे म्हणूनच खरे तर मी हा लेख लिहायला घेतला.

त्याचे नाव पर्टिनॅक्स. बाप मुक्त झालेला गुलाम. मुलगा शिकला आणि व्याकरणाचा मास्तर झाला. मास्तरकीत पोट भरेना, म्हणून चाळिशीच्या अलीकडेच त्याने ती सोडून सैन्यात नोकरी धरली. (हे वाचताना आमच्या शिक्षकांच्या खोलीत मोठी खळबळ झाली.) चढत चढत तो सुभेदार झाला, रोम शहराचा मुख्य अधिकारी झाला. १९२ च्या शेवटच्या दिवशी कॉमोडस बादशहाचा खून झाला आणि सहासष्ट वर्षांच्या या माजी मास्तराला गादीवर बसवले गेले. खजिन्यात फक्त दहा लाख सेस्टर्स, म्हणजे अडीच लाख डेनारियस, शिल्लक होते, असे त्या काळचा इतिहासकार कॅसियस डिओ सांगतो. अंगरक्षकांना दरडोई बारा हजार सेस्टर्स द्यायचे कबूल केलेले. अशा वेळी कोणीही शहाणा बादशहा करील ते सोपे होते: आणखी तांबे मिसळायचे. पर्टिनॅक्सने कॉमोडसच्या चैनीच्या वस्तूंचा लिलाव मांडला, आणि डेनारियसमधली चांदी वाढवली. त्याच्या नाण्यांवरही तराजूवाली एक्विटास आहे. या वेळी मात्र ती जिथे उभी होती तिथे तिला लाज वाटण्याजोगे काही नव्हते.

सत्त्याऐंशी दिवस हे चालले. मार्चच्या २८ तारखेला दोनएकशे अंगरक्षक तलवारी उपसून वाड्यात घुसले. पळून जायला किंवा लपायला त्याला अवसर होता, असे डिओ म्हणतो. तो लपला नाही. तो त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला आणि बोलू लागला. दंगा करणाऱ्या वर्गात शिरणारा प्रत्येक मास्तर जे मानतो तेच त्याने मानले असावे, की समोर उभे राहिले की पोरे शरमतील. आणि ती शरमली! त्याला पाहून त्यांनी माना खाली घातल्या, तलवारी म्यानात सारल्या. एकट्याने घातली नाही. तो पुढे झेपावला आणि त्याने वार केला. मग बाकीचेही तुटून पडले. त्यानंतर अंगरक्षकांनी बादशाहीच लिलावात काढली. डिडियस ज्युलियानसने दरडोई पंचवीस हजार सेस्टर्सची बोली लावून ती घेतली, नाण्यांवर 'सैनिकांचा एकोपा' कोरला, आणि सहासष्ट दिवसांत तोही मारला गेला.

मग सेप्टिमियस सेव्हेरस आला. त्याने पर्टिनॅक्सच्या मारेकऱ्यांना देहदंड दिला, ते अंगरक्षक दळ मोडून टाकले, आणि पर्टिनॅक्सचा मोठा अंत्यविधी केला. मेणाचा पुतळा करून शय्येवर निजवला होता, आणि झोपलेल्या माणसावरच्या माश्या वाराव्यात तसा एक सुंदर मुलगा त्याच्यावर मोरपिसांचा पंखा हलवीत उभा होता. डिओने हे डोळ्यांनी पाहिले. चिता पेटल्यावर गरुड सोडला, पर्टिनॅक्स देव झाला, तशी गरुडाची नाणी निघाली. सेव्हेरसने त्याचे नाव आपल्या नावात घेतले. पुढच्या दोनएक वर्षांत त्याने डेनारियसमधली चांदी निम्म्यावर आणली. त्या नाण्यांवर कडेने बादशहाचे नाव आहे, संक्षेपाने लिहिलेले, आणि त्या नावाच्या मध्यावर, नीट पाहिले तर, 'पर्ट' एवढी चार रोमन अक्षरे वाचता येतात.